कॅमशाफ्ट एक अंश पुढे

मी, उर्सुला फ्रान्सिस मच्याडो, वय चौसष्ट, अविवाहित, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार भुईगाव, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या घरी, माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसून, सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. डॉ. जुलियाना रुमाव यांनी तशी खात्री करून घेतली आहे. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची मी बरोबर उत्तरे दिली आणि त्यांच्या गाडीच्या टॅपेटचा आवाज वाढला आहे हे न विचारता सांगितले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट हे लिहू नये म्हणून दोघांनी मला समजावून पाहिले. त्यांची नावे पुढे येतील.

पुढच्या महिन्यात माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. ती नीट पार पडली तरी हे कागद फाडायचे नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि हे मोडून दुसरे करण्याचा माझा विचार नाही.

१. माझ्या धाकट्या भावाची, लेस्लीची, मुलगी नताशा वकील आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी. तिचे वडील तिच्यावर रागावतील, हे मी तिला आधीच सांगितले. ती म्हणाली, "आत्या, ते माझ्यावर बारावीपासून रागावलेत." तेव्हा ती योग्य आहे.

२. भुईगावच्या राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा, मागची विहीर आणि नारळाची झाडे लेस्लीला मिळावीत. या बाबतीत आमच्यात कधी वाद नव्हता. न्हाणीघराचा पत्रा गळतो, तो त्याने माझ्या मागे तरी बदलावा.

३. बँकेतली ठेव दोन सारख्या भागांत वाटावी. एक भाग आमच्या चर्चच्या धर्मग्रामाच्या आजारी माणसांसाठीच्या निधीला, दुसरा नताशाला. आईच्या सोन्याच्या कुड्याही नताशाला.

४. आता मुख्य गोष्ट.

गिरीज येथे रस्त्याला लागून असलेली माझी जागा, जी मला वडिलांच्या हयातीतच वाटणीपत्राने मिळाली आणि सातबाऱ्यावर माझ्या एकटीच्या नावे आहे, ती तिच्यावरील पत्र्याच्या शेडसह, विजेच्या मीटरसह आणि मागच्या केळींसह मी श्रीमती कृष्णाबाई श्रीपत भोईर यांना देत आहे. त्या खाडीकडच्या गावच्या, शेतकरी खातेदार आहेत. आमचे रक्ताचे नाते नाही, धर्म एक नाही. जागा त्यांना पूर्ण मालकीने द्यायची आहे, अटीशिवाय. हे वाचून कोर्टात विचारले जाईल की का. म्हणून कारण लिहून ठेवते.

कृष्णाबाईंचे यजमान श्रीपत भोईर हे गाड्यांचे मेकॅनिक होते. पुढे मी नुसते श्रीपत लिहीन. मी टेलिफोन खात्यात असताना, सत्त्याण्णव साली, कर्ज काढून पांढरी एस्टीम घेतली. आमच्या आळीत तेव्हा बाई गाडी चालवत नव्हती. पहिली सर्व्हिस श्रीपतकडे केली. त्याचे गॅरेज तेव्हा रस्त्याच्या कडेला, गुलमोहराखाली होते. रस्ता रुंद झाला, गुलमोहर गेला. मी त्याला म्हटले, माझ्या गिरीजच्या जागेवर शेड टाक. त्याने टाकली. भाडे म्हणून तो माझी गाडी बघत असे.

मला वेगाची आवड होती. ती कुठून आली हे मला माहीत नाही. वडील सायकलवरूनही उतरून चालत. मोकळ्या मैदानात मातीवर शंकू मांडून शर्यती घेतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. मी त्यात उतरू लागले. गाडी कमी पडते असे वाटले तेव्हा श्रीपत म्हणाला, कॅम बदलू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या डोक्यात फिरणारा दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. ते व्हॉल्व उघडतात आणि मिटू देतात. व्हॉल्व किती उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, हे त्या उंचवट्यांच्या घडणीवर ठरते; उघडे राहण्याचा तो वेळ अंशांत मोजतात. टर्बो असलेल्या गाडीत हवा ढकलून भरता येते. माझ्या गाडीला टर्बो नाही. तिला स्वतःला जेवढी हवा ओढता येईल तेवढीच मिळणार. म्हणून अशा गाडीत कॅम बदलला की तिचा स्वभावच बदलतो.

पहिला कॅम आम्ही मुंबईच्या एका विक्रेत्याकडून आणला. त्याच्या यादीत सर्वांत मोठा होता तो घेतला, दोनशे नव्वद अंशांचा, परदेशी. हाव दोघांनाही होती. विक्रेत्याने श्रीपतकडे बघून विचारले, "चलाएगा कौन?" मी म्हटले, "मैं." तो हसला आणि पावती श्रीपतच्या नावाने केली. त्या माणसाला या मृत्युपत्रातून काही मिळू नये.

तो कॅम बसवल्यावर गाडी उभ्या जागी थरथरू लागली, जणू हिवताप भरला आहे. व्हॉल्व फार वेळ उघडे राहत, त्यामुळे हळू चालताना आत घेतलेली हवा परत मागे जाई. मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांच्या वर ती जी सुटायची ते मी विसरणार नाही. पण साडेचार हजारांपर्यंत पोचायचे कुठे? वसई स्टेशनकडच्या गर्दीत ती दर वळणाला बंद पडे. मैदानावरही शंकूभोवती वळून बाहेर पडताना तिला दमच नसे, आणि घड्याळाचे सेकंद तिथेच जात. मी त्या कॅमवर वर्षभर ऑफिसला गेले. माझा डावा गुडघा त्या वर्षापासून दुखतो.

शेवटी श्रीपत म्हणाला, "बाय, आपन गाडी चालवतो तिथला कॅम पायजे. आपन चालवतो वसईत."

मग आम्ही बसून विचार केला. गाडी रोज किती फेऱ्यांवर चालते, वळणातून बाहेर पडताना काटा कुठे असतो, हेड, म्हणजे इंजिनाचे डोके, किती घासता येईल, स्प्रिंग तेवढा भार घेईल का. मूळ कॅम कोइम्बतूरला पाठवून तिथे घासून घेतला, दोनशे चौसष्ट अंशांचा. हा मात्र बसला. गर्दीत गप्प, मैदानात चलाख. त्यावर मी अठरा वर्षे गाडी चालवली आणि दोनदा दुसरी आले. पहिली कधीच आले नाही.

या काळात मी ऑफिसमधून येताना रोज गिरीजला उतरत असे. गावाने बोलायला सुरुवात केली. कॅथलिक बाई, लग्न न केलेली, आणि खाडीकडचा लग्न झालेला गडी. लेस्ली एकदा ओट्यावर उभा राहून म्हणाला, "बाय, लोक काय बोलतात माहीत आहे?"

मी म्हटले, "माहीत आहे. त्यात तुझी भर किती, तेवढं माहीत नाही."

तो आत निघून गेला. आमचे नीट बोलणे त्या दिवसापासून कमी झाले.

लोकांचे बोलणे खाडीपर्यंतही पोचले. एका दुपारी कृष्णाबाई आल्या. मी त्यांना तोपर्यंत पाहिले नव्हते. छत्री मिटून भिंतीला लावली, जुन्या टायरवर बसल्या आणि श्रीपतकडे न बघता मला म्हणाल्या, "तुमी दोघां एवढं काय बोलता, ता मना पन आयकायचा हाय."

श्रीपतच्या हातातला पाना खाली पडला. मी म्हटले, "बसा. ऐका."

आम्ही त्या दिवशी टॅपेटची, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व यांच्यामधली, फट गरम इंजिनात मोजावी की थंड, यावर भांडत होतो. दुसरा विषय आठवेना, म्हणून तेच पुढे चालू ठेवले. तो म्हणे गरम, मी म्हणे थंड. दुपार टळली. कृष्णाबाईंनी दोनदा जांभई दिली. मग उठून छत्री घेतली आणि मला म्हणाल्या, "बोला तुमी. असला बोलना दुसरा कोन आयकनार?"

मी त्यांना गाडीने गावापर्यंत सोडायला गेले. खाडीच्या बांधावरचा रस्ता तेव्हा नवा डांबरी झाला होता. त्या पुढच्या सीटवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या, म्हणून मी सावकाश चालवली. उतरताना म्हणाल्या, "जोरात जायाचा व्हता. मना काय भ्याव नाय."

त्यानंतर भात लावून झाले की, कापून झाले की त्या येत. कधी वालाच्या शेंगा आणत, कधी नुसत्या बसत. श्रीपत आणि माझे भांडण लांबले की विचारत, "मंग कोनाचा खरा?" उत्तर बहुतेक वेळा मिळत नसे.

तिसऱ्या कॅमचा विचार मी निवृत्त झाल्यावर सुरू झाला. आता ऑफिसची गर्दी नव्हती. धावपट्टीवर सरळ रेषेत गाडी पळवायच्या शर्यती निघाल्या होत्या आणि मला एकदा तरी सरळ, न वळता, पूर्ण जोरात जायचे होते. कोणता घ्यावा यावर आम्ही वर्ष घालवले. दोनशे नव्वदची चूक करायची नव्हती, चौसष्टची सवय सोडायची होती. दोनशे शहात्तरवर एकमत झाले. हेड आणखी थोडे घासून आणले आणि बाकावर ठेवले. कॅमचे पार्सल आले त्याच आठवड्यात श्रीपतला शेतात बांध घालताना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली.

त्याचा मुलगा दीपेश चांगला मुलगा आहे, हे मी इथे मुद्दाम लिहिते. बापाचे सगळे अंगावर घेऊन त्याने केले. पण काही महिन्यांनी तो मला म्हणाला, "बाय, शेड रिकामी करू या. टाइल्सवाला विचारतोय. पप्पा काय आता परत पाना धरणार नाहीत." बोलणे खरे होते. लेस्लीही म्हणाला की बरे झाले, आता तरी पत्रे उतरव.

कृष्णाबाई मात्र वेगळे बोलल्या. श्रीपत रात्रंदिवस डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत पडे. त्या म्हणाल्या, "इंजनाचा डोका उघडा टाकलाय ना तिकडं, म्हनून. डोका उघडा टाकून मानूस झोपत नाय, बाय. तुमी ता बंद करा."

"मी एकटी?"

"मी हाय ना."

मी आयुष्यभर गाडी चालवली होती, मोजमाप केले होते, वाद घातला होता. कॅम स्वतः कधी बसवला नव्हता. कृष्णाबाईंनी तर पाना धरला नव्हता. दीपेशने टेम्पोतून श्रीपतला शेडमध्ये आणून चाकांच्या खुर्चीत बसवले, आमच्याकडे पाहिले आणि कामावर गेला.

श्रीपतचा डावा हात चालत होता. पंजा उघडला की हो, मूठ मिटली की नाही. एवढ्या दोन शब्दांवर आम्ही इंजिन बांधले.

माझ्या इंजिनात आत घेणारे आणि बाहेर सोडणारे दोन्ही व्हॉल्व एकाच शाफ्टवर चालतात. त्यामुळे दोघांमधले अंतर घडवणाऱ्याने ठरवले ते ठरले. आपल्या हातात एवढेच की अख्खा शाफ्ट किंचित पुढे सरकवायचा किंवा मागे. पुढे सरकवला की गाडी खालच्या फेऱ्यांत जोर धरते, मागे नेला की वरच्या. त्यासाठी इंजिनाच्या खालच्या दांड्यावर, क्रँकवर, अंशांची चकती लावतात, तारेचा काटा करतात, व्हॉल्ववर डायल गेज टेकवतात आणि हाताने इंजिन फिरवत मोजतात. गेज मी वाचले. इंजिन कृष्णाबाईंनी फिरवले. त्यांचा हात जात्यावरचा, एकसारखा फिरणारा. मला काटा वाचायला त्रास झाला नाही.

मी शाफ्ट सरळ लावला, ना पुढे ना मागे. श्रीपतने मूठ मिटली.

"एक अंश पुढे?"

मूठ.

"दोन?"

पंजा उघडला.

दोन अंश पुढे हा त्याचा जुनाच हट्ट होता. मी म्हटले, "श्रीपत, आपण हेड घासलंय, आत जागा कमी झालीय. दोन पुढे नेला तर आत घेणारा व्हॉल्व लवकर उघडणार आणि पिस्टन तिथेच वर आलेला असणार. आपटेल." त्याने पंजा तसाच उघडा ठेवला. वाचा गेलेल्या माणसाशी भांडणे अवघड असते. तो तेच उत्तर पुन्हा देतो आणि आपण मात्र बोलत राहतो.

यावर उपाय मोजण्याचाच होता. पिस्टनवर मऊ माती लावायची, हेड बसवायचे, इंजिन हाताने फिरवायचे, परत उघडायचे आणि मातीत व्हॉल्व किती रुतला ते बघायचे. मुलांची खेळायची माती त्या दिवशी कुठे मिळेना. कृष्णाबाईंनी विचारले, "उकड चालंल?"

चालली. त्यांनी घरून तांदळाच्या पिठाची उकड करून आणली, तेलाच्या हाताने मळली आणि पिस्टनवर थापली. हेड बसवले, पट्टा लावला, इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवले, परत सगळे उघडले. त्यांनी दोरा घेऊन उकड मधोमध कापली. व्हॉल्व दाबला होता तिथली जाडी मी मोजली. कमी होती. फार नाही, पण असायला हवी त्याहून कमी.

त्यांनी तो तुकडा तळहातावर घेऊन श्रीपतपुढे धरला. "बघा. पापड जालाय. तुमचा आयकला तं आपटंल."

श्रीपतने तो तुकडा नीट पाहिला. मग मूठ मिटली. मग मिटलेल्या मुठीतून एक बोट वर काढले.

हे उत्तर ठरलेल्या दोन उत्तरांत नव्हते. आम्हाला कळायला थोडा वेळ लागला. एक अंश. कृष्णाबाई हसायला लागल्या आणि मग पदराने डोळे पुसू लागल्या.

पुन्हा उकड, पुन्हा हेड, पुन्हा दोरा. एक अंशाला जाडी मर्यादेच्या काठावर बसली, पण आत. मी मान्य केले. कॅम आजही तिथेच आहे, एक अंश पुढे.

नवा कॅम पहिल्यांदा चालू केला की गाडी सावकाश ठेवायची नसते. वीसेक मिनिटे दोन हजारांच्या वर धरून ठेवायची, नाहीतर उंचवटे तेलावाचून घासले जातात. रविवार होता. इंजिन दुसऱ्या खेपेला सुरू झाले आणि मी पाय दाबून धरला. सायलेन्सर अजून जोडलेला नव्हता. केळींतून पक्षी उठले. आजूबाजूची माणसे आली. लेस्ली वाडीतून हातात कोयता घेऊन तसाच आला आणि ओरडला, "बंद कर ते! चर्चमध्ये मिस्सा चालू आहे!"

मी पाय काढू शकत नव्हते. कृष्णाबाई त्याच्या आणि गाडीच्या मध्ये उभ्या राहिल्या. "आता बंद नाय करायचा. शाफ्ट खराब होईल."

"काय?"

"शाफ्ट!" त्या त्याच्या कानाशी ओरडल्या. "नंतर या!"

लेस्ली गेला नाही. कोयता धरून उभा राहिला, सगळा वेळ. मी आरशातून श्रीपतकडे पाहिले. त्या आवाजात त्याची मान छातीवर टेकली होती. कृष्णाबाईंनी जवळ जाऊन त्याच्या नाकाशी हात धरला, मग माझ्याकडे बघून गालाखाली तळहात ठेवून दाखवला. झोपला होता.

त्याच थंडीत मी धावपट्टीवर गाडी पळवली. कृष्णाबाई थर्मास घेऊन आल्या होत्या. मी बायकांत खालून तिसरी आले. सरळ, न वळता, पूर्ण जोरात गेले, ते झाले.

श्रीपत पुढच्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात वारला. अंत्यविधीला खाडीकडच्या घरात मी दाराशीच थांबले होते, कारण तिथे माझी जागा कोणती हे मला कळेना. कृष्णाबाईंनी आतून हात करून मला बोलावले आणि त्यांच्या बायकांच्या ओळीत आपल्याजवळ बसवले. त्या दिवशी तिथे कोणी काही बोलले नाही. पुढे कोणी बोलले असेल तर मला माहीत नाही.

कार्य आटोपल्यावर त्यांनी शेडचे कुलूप उघडले. मला वाटले आवराआवर करायला आल्या. त्या म्हणाल्या, "बाहेर रिक्षावाला हाय. टॅपेट वाजतात म्हनतो. मना जमंल का?"

जमले. पहिल्या रिक्षाला सगळा दिवस लागला. आता टॅपेटचे काम त्या कोणाहूनही कमी वेळात करतात, मोठ्या कामाला आगाशीचा एक मेकॅनिक बोलावतात. रिक्षावाले त्यांना मावशी म्हणतात. साडी खोचून, चष्मा दोऱ्याने बांधून त्या कामाला लागतात. हेड उघडलेले असले तर घरी जाण्याआधी त्यावर फडके टाकतात.

मागच्या वर्षी या रस्त्यावर बांधकाम व्यावसायिक फिरू लागले. लेस्ली आणि दीपेश, ज्यांचे आयुष्यात दोन वाक्यांपलीकडे बोलणे झाले नव्हते, ते एकत्र मला भेटायला आले. माझ्या जागेवर आणि शेजारच्यावर मिळून टॉवर होईल. लेस्लीला फ्लॅट, दीपेशला दुकानाचा गाळा. मला काही सही करायला नको, फक्त मृत्युपत्र करू नये; मग जागा वारसाने लेस्लीकडे जाईलच. हिशोब बरोबर होता. दीपेशला मी विचारले, "आई काय म्हणते?" तो म्हणाला, "आईचं वय झालंय, बाय. तिला आराम पाहिजे." मी म्हटले, "माझंही वय झालंय. मला कोणी विचारलं नाही आराम पाहिजे का." दोघे चहा पिऊन गेले.

मी कृष्णाबाईंना सांगितले तेव्हा त्या नको म्हणाल्या. "जागा नको, बाय. लोकांना बोलायला आयतां मिलंल."

"लोकांनी आधीच बोलून घेतलंय."

"मंग भाडा देन."

"मेल्यावर मला भाडं कुठे देणार?"

त्यांनी हातातले फट मोजायचे पाते पुसून डबीत ठेवले. "मेनबत्ती लावीन," त्या म्हणाल्या. "तुमच्यांत लावतात तशी. दर साली."

मी ते मान्य केले. म्हणून ही जागा कृष्णाबाईंना. पुढे त्यांनी ती कोणाला द्यावी, विकावी की ठेवावी, हा त्यांचा प्रश्न. दीपेशने हे वाचून मन वाईट करून घेऊ नये. त्याला आयुष्यभर आई मिळाली, तिच्याकडे जागाही असली तर त्याचे काही जात नाही.

५. डायल गेज, अंशांची चकती, दोन्ही टॉर्क पाने आणि शेडमधली माझी सर्व हत्यारे कृष्णाबाईंना. ती तिथेच आहेत. कोणी न्यायला येऊ नये.

६. एस्टीम गाडी नताशाला. कार्बोरेटरचे इंजिन आहे, थंडीत चोक ओढावा लागतो, हे तिला माहीत नाही. तिने विचारून घ्यावे. गाडीत कोणता कॅम ठेवायचा ते तिचे तिने ठरवावे. तिचे रस्ते मला माहीत नाहीत. दोनशे चौसष्टचा कॅम माझ्या कपाटात तेलाच्या फडक्यात आहे, तो गाडीबरोबर जाईल. दोनशे नव्वदचा भंगारात द्यावा. कोणा तरुण मुलाने मागितला तरी देऊ नये. मुलीने मागितला तर तिला आधी वर्षभर स्टेशनच्या गर्दीत गाडी चालवायला सांगावे.

७. माझा अंत्यविधी भुईगावच्या चर्चमध्ये साध्या पद्धतीने व्हावा. दफनभूमीत आईच्या शेजारी जागा आहे. फादरांनी प्रवचनात मला कष्टाळू आणि प्रेमळ म्हणू नये, ते आमच्या धर्मग्रामात सगळ्यांनाच म्हणतात. कृष्णाबाई येतील, त्यांना पुढच्या बाकावर बसवावे. हे काम मी लेस्लीकडे सोपवते.

८. हे कलम सही करण्याआधी वाढवले आहे.

काल संध्याकाळी मी लेस्लीला बोलावून वरचे सगळे वाचून दाखवले. माझ्या मागे कोणी म्हणायला नको की लपवून केले. कोयत्याचा मजकूर आला तिथे त्याने फक्त मान हलवली. वाचून झाल्यावर मी विचारले, "कोर्टात जाणार?"

तो म्हणाला, "जागेचं राहू दे, बाय. एवढी वर्षं ती गाडी आपल्या ओट्यापुढे उभी असते. कृष्णाबाईंना नेलंस. नताशाला नेलंस. परेऱ्यांचा कुत्रा आजारी पडला, त्यालाही नेलंस. मला कधी म्हणालीस, बस म्हणून?"

"तू कधी म्हणालास, ने म्हणून?"

"मी कसा म्हणणार? मी तर आवाज बंद कर म्हणून ओरडणारा."

मी आठवून पाहिले. लग्नाला, बाप्तिस्म्याला, आईला इस्पितळात नेताना, प्रत्येक वेळी तो स्कूटरवर मागून आला होता. एकदाही बसला नव्हता.

"त्या दिवशी तू गेला का नाहीस?" मी विचारले. "कोयता घेऊन उभा राहिलास तो?"

"चांगला वाटत होता आवाज," लेस्ली म्हणाला.

भावाला गाडीत बसवणे ही गोष्ट मृत्युपत्राने देता येत नाही, असे नताशा सांगते. म्हणून ती यातून वगळली आहे. उद्या रविवारी, मिस्सा संपल्यावर, ती मी स्वतः उरकत आहे. कळंबच्या बाजूचा रस्ता त्या वेळी मोकळा असतो. लेस्ली पुढच्या सीटवर बसेल. इंजिन गरम होईपर्यंत त्याने काही बोलू नये.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो माझ्या मनासारखा आहे. खालील दोन साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, याची त्यांना कल्पना आहे.

ठिकाण: भुईगाव, तालुका वसई, जिल्हा पालघर
दिनांक: शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

(सही)
उर्सुला फ्रान्सिस मच्याडो

साक्षीदार:

१. (सही) डॉ. जुलियाना रुमाव, राहणार आगाशी. मृत्युपत्र करणाऱ्या बाई सही करताना पूर्ण शुद्धीत व स्वस्थ मनाच्या होत्या.

२. (सही) थॉमस परेरा, शेजारी, राहणार भुईगाव.